पडद्यात शिवलेलं पदक

"भोपळ्या, पडदा फरफटू नकोस! मोठ्या काकांनी पाहिलं तर आपली सालटी काढतील!"

टिकली ओरडेपर्यंत पडद्याचं टोक लोखंडी खाटेवर आपटलंसुद्धा. ठण्ण!

तिघंही थबकली. भोपळ्या आणि चष्मिस या भावंडांचे बाबा, म्हणजे टिकलीचे मोठे काका, पडद्यांचे शिंपी. पडदा सरळ पडावा म्हणून ते खालच्या पट्टीत शिशाच्या चकत्या शिवत. पण शिसं कधी ठण्ण वाजतं का? ते बिचारं मुकाट धप्प करतं!

चष्मिसने पट्टी चाचपली. "ही चकती मोठी आहे गं. आणि हिला कडी आहे!"

टिकलीला एकदम तात्या आजोबांचं पदक आठवलं. नदीवरचा पूल बांधून झाला तेव्हा प्रत्येक कामगाराला आठवण म्हणून कडी असलेलं एक पितळी पदक मिळालं होतं. तात्या आजोबांचं एकशे बारा नंबरचं. ते विकत मागायला जुन्या वस्तू जमवणारे हौशी लोक दार ठोठावायचे. सहा वर्षांपूर्वी ते घरातून नाहीसं झालं आणि आळ आला टिकलीच्या बाबांवर. तेव्हा ते बेकार होते ना! तात्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. गेल्या वर्षी तात्या वारले, तेव्हाही बाबा फाटकाबाहेरच उभे होते. आज पाच वाजता सुट्टीला आलेल्या टिकलीला न्यायला येतील, तेव्हाही तिथेच उभे राहतील.

"हा पडदा कधीचा?" तिने विचारलं.

"पदक हरवलं त्याच वर्षीचा," चष्मिस म्हणाली. " गिऱ्हाईक फिरकलंच नाही, म्हणून ट्रंकेत पडून होता."

"आण कात्री!" भोपळ्या म्हणाला.

"अक्कल गहाण ठेवलीस का? आपण उसवलं तर म्हणतील, टिकलीनेच आणून कोंबलं. आपल्या बाबांनाच उसवायला लावायचं!" चष्मिस म्हणाली.

पडदा खिडकीवर चढला. भोपळ्याने हाक मारली, "बाबा, हा पडदा वाकडा पडलाय हो!"

"माझा पडदा? आणि वाकडा?"

"समोरच्या शिंप्याचे बरे सरळ पडतात."

झालं! मोठे काका तरातरा आले. "चकती जड लागली असेल," असं पुटपुटत त्यांनी ब्लेडने टाके उसवले. पदक फरशीवर पडून गोल फिरलं. एकशे बारा!

काकांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. "मीच घासायला काढलं होतं... चकत्यांच्या डब्याशेजारी ठेवलं... चष्मा नव्हता लावला मी."

मग पोरांकडे वळून ते म्हणाले, "शाबास पोरांनो."

"मला नको शाबासकी!" टिकलीला रडू फुटलं. "माझे बाबा चोर नव्हते, हे त्यांना जाऊन सांगा!"

पाच वाजता काका अनवाणीच फाटकाशी गेले. "चुकलो रे. माझ्याच हातून शिवलं गेलं. आत चल."

बाबांनी पदक उलटंपालटं करून पाहिलं. "तात्या जाताना माझ्याबद्दल काही बोलले?"

काकांनी मान खाली घातली. "त्या चोराला आत घेऊ नका, म्हणाले."

बाबांनी पदक त्यांच्या हातात परत ठेवलं आणि टिकलीची पिशवी उचलली. "चल बाळा. बस चुकेल."

दोघं कोपऱ्यापर्यंत आली. मग बाबांनी विचारलं, "तू शोधलंस?"

"आम्ही तिघांनी."

"हुशार गं माझी पोर," ते म्हणाले, आणि तिथेच भर रस्त्यात ढसाढसा रडले.