हाताला गार लागतो

अमरावतीला त्वचारोगतज्ज्ञांची बैठक होती, त्या रविवारी डॉ. रागिणी काळमेघ भांडायच्या तयारीनंच गेली होती. विषय एकच, एआयचं ते भाषेचं मॉडेल दवाखान्यात घ्यायचं की नाही. एक डॉक्टर म्हणाले, लिहिण्याचा वेळ वाचतो, रोग्याच्या तोंडाकडे बघायला तरी मिळतं. दुसऱ्यांचं म्हणणं, ते गोऱ्या कातडीचे फोटो पाहून शिकलंय, आपल्या उन्हानं रापलेल्या पाठीवरचा फिकट डाग त्याला काय दिसणार, कपाळ? तिसऱ्यांनी तर हातच टेकले होते. त्यांचे रोगी मोबाइलला विचारून निदान घेऊनच येत आणि फक्त चिठ्ठी मागत.

रागिणी उठून म्हणाली, "कातडी नुसती बघून कळत नाही, चाचपावी लागते. याला हात कुठे आहेत?"

सगळे हसले आणि काम तिच्याच गळ्यात पडलं. दोन महिने वापरून बघा, लेखी मत द्या. मत अनुकूल आलं, तर खेड्यांतल्या फेऱ्या बंद होणार होत्या. तिथली नर्स फोटो पाठवील, कागद आपोआप तयार होईल, डॉक्टरनं फक्त मंजुरी द्यायची.

आता तेल्हाऱ्याची गुरुवारची फेरी रागिणीची होती, एकोणीस वर्षांपासून. सकाळी अकोल्याहून निघायचं, दहाला पोचायचं, बाजारओळीतल्या खोलीत बसायचं. बाहेर कापसाच्या गाड्या, आत मलमांचा वास. ही फेरी कुणाच्या बापाला बंद करू द्यायची नाही, असं तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

बसायची रीत ठरलेली होती. रोगी खिडकीपाशी स्टुलावर, उजेडात. खुशालराव, तिचे जुने कंपाउंडर, फोटो काढत. रागिणी दोन हात लांब, टेबलावरच्या लॅपटॉपपाशी. प्रोग्राम बोलणं ऐके, फोटो पाही आणि टिपण लिही. ते तिच्या मोबाइलवरही मंजुरीला येई. पहिले दोन गुरुवार त्यानं गजकर्ण, खरूज, इसब बिनचूक लिहिलं. खोटं कशाला बोला, तिला जरा वाईटच वाटलं.

तिसऱ्या गुरुवारी टिपणात आलं, 'डागाची कड हाताला उंच लागते.' रागिणीला हसू आलं. लाखो डॉक्टरांचे कागद वाचून शिकलेलं यंत्र, त्यांचीच भाषा बोलणार. तिनं ओळ खोडली. पुढच्या रोग्याच्या टिपणात होतं, 'डाग हाताला गार लागतो.' तीही खोडली. लबाड आहे लेकाचं, असं म्हणून तिनं मतपत्राच्या मसुद्यात तेवढा मुद्दा घातला.

मग नत्थुजी आले. सत्तरीचे शेतकरी, पाठीला खाज. सदरा काढून तिच्याकडे पाठ करून बसले. ती टिपण वाचत होती.

"मॅडम, तुमचा हात कावून इतका थंडा हाय वो?"

रागिणीनं वर पाहिलं. तिचे दोन्ही हात लॅपटॉपवर होते. खुशालराव दाराबाहेर पुढचं नाव पुकारत होते. पंखा असेल म्हणून तिनं पंखा बंद केला. त्यानंतर आलेल्या बाईनं मध्येच खांदा आखडून घेतला. खुशालरावांनी पुढच्या गुरुवारी आपली खुर्ची दाराच्या बाहेर नेली. विचारलं, तर म्हणाले की आत गुदमरल्यासारखं होतं.

तिनं प्रोग्रामवाल्यांना लिहून विचारलं. उत्तर समजुतीचं आलं, की मॉडेल फक्त शब्द जुळवतं, त्याला स्पर्श कळत नाही, अशा ओळी खोडाव्यात. तिचंही मत तेच होतं. तरी त्या रात्री तिला झोप नीट लागली नाही.

सातव्या गुरुवारी शकुनबाई आल्या. गावाबाहेर वांगी-मेथी पिकवणारी बाई, मनगटावर फिकट डाग. खुशालरावांनी फोटो मनगटाचाच काढला. टिपणात आलं, 'डाव्या कानामागे, केसांखाली दुसरा डाग. तिथे स्पर्श कळत नाही.'

रागिणीनं उठून केस वर केले. डाग होता, बोराएवढा. कापूस फिरवला, शकुनबाईंना कळला नाही. कुष्ठरोग, अगदी सुरुवातीचा. बोटं वाकायच्या आत सापडला होता आणि गोळ्यांनी बरा होणार होता. आनंद व्हायला हवा होता. रागिणीनं स्वतःचाच हात उलटा-सुलटा करून पाहिला. एकोणीस वर्षांत असा डाग तिच्याकडून सुटला नव्हता, आणि आज तो तिच्या हाताला सापडलाच नव्हता.

मत द्यायच्या आदल्या गुरुवारी तिनं लॅपटॉप अकोल्याला कपाटात कुलूप लावून ठेवला. मतपत्र लिहून तयार होतं. शेवटची ओळ, 'डॉक्टरांच्या हाताला पर्याय नाही.' सही तेवढी राहिली होती.

शकुनबाई पुन्हा दाखवायला आल्या. रागिणीनं कापसाचं टोक वळून घेतलं. ही परीक्षा तिची आवडती. रोग्यानं डोळे मिटायचे आणि जिथे कापूस लागेल तिथे बोट ठेवायचं.

"डोळे मिटा, बाई. मी लावला की दाखवा."

शकुनबाईंनी डोळे मिटले आणि कोपरावर बोट ठेवलं.

"अठी."

रागिणीनं अजून कापूस लावलाच नव्हता.

"आता अठी." खांद्यावर.

"आता अठी." मानेवर.

रागिणीचा हात मांडीवर होता. कापूस त्यातच होता. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

शकुनबाईंनी मिटल्या डोळ्यांनी मान वळवली, एखादं माणूस जवळून उठून गेल्यावर वळवावी तशी.

"आता नाही लागून राहिलं, मॅडम."

टेबलावर मोबाइल वाजला. मंजुरीसाठी नवं टिपण.

नाव, रागिणी काळमेघ. वय बावन्न.

'उजवा हात. तर्जनी आणि मधलं बोट. कापूस लावला. दाबलं. आता नख रुतवतो आहे. रुग्णाला कळत नाही.'

तिनं खाली पाहिलं. तर्जनीच्या पेरावर नखाची कोर उमटली होती, ताजी, आणि ती हळूहळू खोल जात होती.