पेन्सिलीची टकटक

फेनाच्या सायकलच्या सीटवरची, सीट भिजू नये म्हणून चढवलेली प्लास्टिकची पिशवी काढताना तो रंगेहाथ सापडला. नोकरीचा तिचा पहिलाच दिवस, वरून भुरभुर पाऊस… आणि हा उंच, भिजल्या केसांचा माणूस तिची पिशवी खुशाल स्वतःच्या सीटवर चढवत होता.

"अहो! ती माझी आहे."

"हो, दिसतंय ना," तो शांतपणे म्हणाला. "माझी कुणीतरी पळवली, म्हणून मी तुझी घेतली. लायडनमध्ये असंच चालतं."

"म्हणजे मी आता तिसऱ्याची चोरायची?"

"ती निळी घे. हिशेबनीसांची आहे. मनाने फार मोठा माणूस!"

हसायचं नाही असं ठरवलं होतं तिने, पण ठरवलेलं सगळं कुठे होतं? ती हसली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर विभागप्रमुख लिडेवाय तिला एका टेबलाशी घेऊन गेल्या, तर पलीकडे तोच बसलेला.

"हा सीब्रेन. याच्याबरोबर वाचायचं तू."

"ओळख झालीय," फेना म्हणाली. "चोर आहे."

"वाचतो बरा," लिडेवाय म्हणाल्या आणि हिरव्या स्वेटरच्या बाह्या सरसावत निघून गेल्या.

विज्ञानाची आणि वैद्यकाची जाडजूड पुस्तकं काढणारं ते प्रकाशन. पण सगळ्यांत जपायचं, ते तिथलं सगळ्यांत लहान पुस्तक. लहान मुलांना कुठलं औषध किती द्यायचं, एवढंच सांगणारं, खिशात मावणारं. फेनाची आई झ्वोलमध्ये जन्मभर परिचारिका होती आणि हे पुस्तक तिच्या एप्रनच्या खिशात असायचं. सगळ्याच आयांच्या खिशात असं पुस्तक असतं, असं लहानपणी फेनाला वाटे. जीवशास्त्र शिकून मैत्रिणी बड्या पगारांच्या मागे गेल्या. ही मात्र मुलाखतीत म्हणाली, "मला आईच्या खिशातलं पुस्तक करायचंय." मुलाखतीत कधीच न हसणाऱ्या लिडेवाय तेव्हा हसल्या होत्या म्हणे.

बाकीची पुस्तकं संगणक तपासायचा. या पुस्तकातल्या आकड्यांसाठी मात्र लिडेवायंचा विश्वास माणसाच्या गळ्यावर आणि डोळ्यांवर. एकाने डॉक्टरांच्या मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापायच्या पानावर पट्टी ठेवून ओळीओळीने ताडून बघायचं. आकडेच आकडे! ऐकणाऱ्याला डुलकी लागायचीच. म्हणून वाचणाऱ्याने अधूनमधून मुद्दाम एखादी खोटी ओळ घुसवायची आणि ऐकणाऱ्याने पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. टकटक झाली नाही, तर ऐकणारा झोपला असं समजायचं आणि सगळ्यांची कॉफी त्याने आणायची.

सीब्रेनच्या खोट्या ओळी आधी साध्या होत्या. मग त्या बिघडत गेल्या.

"खोकल्याचं औषध. अडीच मिलि. दिवसातून तीनदा… लाल स्कार्फ घातलेल्या मुलीकडे बघत."

टकटक.

"काय चुकलं? स्कार्फ लाल नाही?"

"लालच आहे. पण दिवसातून तीनदा कुठे? तू सारखाच बघतोस."

प्रेम कुणाचं कुठे जुळेल, सांगता येत नाही. या दोघांचं मिलिग्रॅममध्ये जुळलं. दुपारी ताकाचा पेला आणि चीजची पिळपिळीत सँडविचं घेऊन दोघं कालव्याकाठी बसत, तिथेही तो काहीतरी बोलला की ती बाकावर बोटांनी टकटक करी… आणि दोघं हसत.

ऑक्टोबरात सीब्रेनचा वाढदिवस आला. आपल्या वाढदिवसाचा केक आपणच आणायचा, तसा त्याने सफरचंदाचा आणला. आमच्या लायडनमध्ये नुसतं वाढदिवसवाल्याचं अभिनंदन करत नाहीत, त्याच्या घरच्यांचंही करतात. लिडेवायनी त्याचा हात हातात घेतला, मग सरळ फेनापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सीब्रेनबद्दल तुझंही अभिनंदन, फेना."

बायकोला म्हणतात तसं! सगळं ऑफिस "ओऽऽ" करून ओरडलं. फेनाचे कान तापले. केक संपल्यावर लिडेवायनी दोघांना खोलीत बोलावून घेतलं.

"चेष्टा पुरे झाली. तसं काही असेल तर आज सांगा. जीव जडलेली माणसं मी एका टेबलाशी बसवत नाही. ती पानाकडे बघत नाहीत. एकाला शाळेच्या पुस्तकांकडे पाठवेन, एवढंच. रागावणार नाही."

पाठवलं असतं ते नव्या माणसाला, म्हणजे फेनालाच. सीब्रेनने तिच्याकडे पाहिलं.

"छे!" फेना म्हणाली. "तसं काहीच नाही."

त्यानेही मान हलवली.

जिन्यात तो पुटपुटला, "काहीच नाही का गं?"

"गप्प बस. मला पुस्तकही हवंय आणि…"

"आणि?"

"आणि कॉफी."

मग नोव्हेंबरातली ती दुपार. खिडकीवर पाऊस वाजत होता, दिवे दुपारीच लागले होते. सीब्रेन वाचत होता. "तापात येणारे झटके. वजन दहा किलोपर्यंत… नीट मोजून… मला तू फार आवडतेस, फेना. घरी जाताना रोज वाटतं, उद्याचं पान आत्ताच यावं…"

पेन्सिल तिच्या हातातच होती. ती तिने अलगद खाली ठेवली.

"टकटक नाही केलीस," तो हळूच म्हणाला.

"चुकीचं काही ऐकलंच नाही मी."

तो कानापर्यंत लाल झाला आणि गडबडीने पुढे वाचू लागला. तिची पट्टी खाली सरकली, आणखी खाली सरकली. इतकं सुख तिला आधी कधी झालं नव्हतं. पुढेही झालं नाही.

वसंतात पुस्तक बाहेर पडलं आणि दोन आठवड्यांत झ्वोलच्या दवाखान्यातून फोन आला. एका परिचारिकेने सिरिंज भरली होती. एवढ्याशा जिवाला एवढं औषध? म्हणून ती थबकली. पुस्तकात पंधरा छापलं होतं. हवं होतं एक पॉइंट पाच. कुठल्या बाळाला इजा झाली नाही. निदान कळलं तेवढ्यात तरी नाही. पान कुठलं, हे फेनाला पुस्तक उघडायच्या आधीच कळलं. खाली ठेवलेल्या पेन्सिलीनंतरची ती पुढचीच ओळ होती.

तिने आईला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"मी दिलं असतं गं," आई म्हणाली.

"काय?"

"ते इंजेक्शन. पुस्तकात पंधरा म्हणजे पंधरा. त्या पुस्तकावर मी कधी शंकाच घेतली नाही."

आई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी फेनाने लिडेवायंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

विकलेल्या प्रती परत मागवल्या, उरलेल्यांत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची ठरली. "जायचं तर मी जातो," सीब्रेन म्हणाला. "पुस्तक तिचं आहे." लिडेवायनी त्याला लेवार्डेनच्या दूरच्या शाखेत, शाळेच्या पुस्तकांकडे धाडायचं ठरवलं आणि फेनाला ठेवून घेतलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे जे हवं होतं ते फेनाला मिळालं होतं. पुस्तक मिळालं होतं, आणि माणूसही कुठे पळून चालला नव्हता.

सीब्रेनच्या शेवटच्या दिवशी दोघं गोदामात चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. गोंदाचा वास, पत्र्यावर पाऊस.

"सोमवारपासून आपलं टेबल एक नाही," तो म्हणाला. "म्हणजे नियमही आड येत नाही. लेवार्डेन काही चंद्रावर नाही, फेना. शनिवारी ये. माझी आई वाटाण्याचं सूप करते, त्यात चमचा उभा राहतो."

तिला हसू आलं… आणि येता येताच विझलं.

"सीब्रेन, तू बोलायला लागलास की मला तुझं बोलणं ऐकूच येत नाही. पुढची ओळ ऐकू येते. तेव्हा निसटलेली."

"चूक दोघांची होती."

"तू बरोबर वाचलंस. डोळे माझे होते."

"मग काय, जन्मभर शिक्षा करून घेणार स्वतःला?"

"शिक्षा नाही रे… मला आनंदच होत नाही. करून बघितला."

 मग त्याने एक चिठ्ठी उचलली आणि आपल्या वाचायच्या आवाजात, एका सुरात वाचू लागला. "पंधराऐवजी एक पॉइंट पाच असे वाचावे… सीब्रेनचं फेनावर अजून तितकंच प्रेम आहे… झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत."

पेन्सिल तिच्यासमोरच पडली होती. ओळ खरी होती, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मनातलीही तीच होती. आत्ता हात नुसता मांडीवर ठेवला असता तरी पुरे होतं.

तिने पेन्सिल उचलली आणि टेबलावर टकटक केली.

सीब्रेन थांबला. आणखी काही येईल म्हणून वाट बघत राहिला. मग त्याने ती चिठ्ठी तिच्या जागी नीट चिकटवली, वरून अंगठा फिरवला.

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "लक्ष आहे तुझं."

ती बाहेर आली तेव्हा तो केव्हाच स्टेशनाकडे गेला होता. पाऊस चालूच होता. तिच्या सायकलच्या सीटवर एक पिशवी चढवलेली होती, खाली घट्ट गाठ मारून. ती त्याच्या सीटवरची होती. म्हणजे तो ओल्या सीटवर बसून गेला होता. गाठ सोडायचं काही तिच्याने झालं नाही. सायकल हातात धरून ती घरापर्यंत चालत गेली.