अकरावा रकाना

मोफत कायदेसल्ला केंद्राच्या जिन्यात तो तिला पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्या काखेत फायलींचं गाठोडं होतं, खिशाला शाईचा डाग होता आणि चेहरा चार दिवस न झोपलेल्या माणसाचा. घराबाहेर काढलेला कुणी भाडेकरू असणार, असं तिने ठरवूनच टाकलं. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माणसाला सल्ला द्यायची खाज असते. ती तिलाही होती.

"घाबरू नका," ती म्हणाली. "फक्त वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. कुणी कितीही घाई केली तरी."

"नाही करणार," तो गंभीरपणे म्हणाला. मग खिशातून किल्ली काढून त्याने केंद्राचं दार उघडलं. तो तिथला वकील होता.

तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत याच केंद्रात काम करायचं होतं. वडील गेल्यावर आईचं पेन्शन अडकलं होतं, ते केंद्राच्या प्रमुख बाईंनी एक छदामही न घेता सोडवून दिलं, तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं. पण केंद्राकडे तिला द्यायला पैसे नव्हते आणि मामाकडे संयम नव्हता. "दोन महिने फुकट राबायला आपण काय संस्थानिक लागून गेलो? माझ्या ओळखीच्या बिल्डरच्या ऑफिसात जा, पगार देतील." मामाचं चुकत नव्हतं. घर त्याच्याच आधाराने चाललं होतं.

मग तिने दारं ठोठावली. एका ट्रस्टने कळवलं, आम्ही फक्त डॉक्टर होणाऱ्यांना मदत करतो. एका बड्या वकिली कंपनीने तोंड भरून कौतुक केलं आणि एक कॅलेंडर दिलं. शेवटी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा निधी सापडला. सुट्टीत लोकांसाठी बिनपगारी काम करणाऱ्यांना तो दोन महिन्यांचा खर्च देई. अर्ज अकरा रकान्यांचा होता, आणि शेवटचे तीन रकाने देखरेख करणाऱ्या वकिलाने भरायचे होते. म्हणजे त्याने.

तीन आठवडे तिने हेलपाटे घातले. पहिल्यांदा त्याने अर्जासोबत जोडायचं पत्र केंद्राच्या छापील कागदाऐवजी साध्याच कागदावर दिलं. दुसऱ्यांदा शिक्का उलटा.

"शिक्का सुलटा कसा मारतात, हे शिकवलं नाही तुम्हाला कुणी?"

"शिकवलंय. तुम्ही समोर बसून बघत होतात, म्हणून…"

"म्हणून काय?"

"म्हणून उलटा पडला."

तिने कपाळाला हात लावला. त्याने टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवला आणि स्वतः घाम पुसत बसला.

तिसऱ्यांदा तो न्यायालयातून वेळेवर आलाच नाही. वाट बघता बघता तिने बाकावरच्या सात जणांचे फॉर्म भरून दिले. आल्यावर त्याने एका बहिऱ्या आजोबांना तीच गोष्ट पाच वेळा समजावली, आणि पाचही वेळा जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. त्या दिवशी तिची बस चुकली. पुढची तिने मुद्दाम जाऊ दिली.

गुरुवारी एकदाचा अर्ज हातात आला. घरी येऊन बघते, तर अकरावा रकाना कोरा. तिथे एकच छापील ओळ होती — 'अर्जदाराशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही' — आणि तिच्याखाली सहीची मोकळी जागा. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. ती टळली की सोमवारी बिल्डरचं ऑफिस.

शुक्रवारी तीनला ती त्याच्या टेबलासमोर उभी होती.

"हा काय प्रकार आहे?"

"तुम्हीच म्हणाला होतात, वाचल्याशिवाय सही करू नका. वाचलं. आणि मग… करता येईना."

"एक ओळ आहे हो! तुमचा-माझा काय संबंध?"

तो पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला. "तुमचा नसेल. तिथे माझा विचारलाय."

तीन आठवडे साठवलेला राग घेऊन ती आली होती. आता तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"हे… हे तुम्ही आत्ता सांगताय? दोन तास उरलेत माझे!"

"माहीत आहे. म्हणून बाईंशी बोललोय. देखरेख त्या करतील. मी सोमवारपासून दोन महिने न्यायालयातल्या आपल्या मदतखिडकीवर बसेन. कागदावर खोटं नको, आणि तुमचं कामही अडायला नको."

"परस्पर ठरवून मोकळे. मला विचारावंसं वाटलं नाही?"

"विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं! तीन आठवडे काय मिठाची गुळणी धरली होती?"

"झालं का तुमचं?" आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला. "अगं, आण इकडे तो कागद. मी करते सही. माझा तुझ्याशी काडीचा संबंध नाही. उलट जरा भांडकुदळच वाटतेस."

बाईंनी शेवटचं पान नव्याने भरलं, सही केली आणि एका फटक्यात शिक्का मारला. निघताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बस पुन्हा चुकली असती.

पाचला वीस मिनिटं कमी असताना कॉलेजच्या कारकुनाने अर्ज पुढून वाचला, मागून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "आठ जागा आहेत, आणि हा आठवाच अर्ज. पूर्ण आहे. मिळालं समज. धावत आलीस की काय?"

ती वऱ्हांड्यात आली. चांगली बातमी आधी कुणाला सांगायची, या प्रश्नावर वडील गेल्यापासून तिचा हात फोनवर नुसताच थांबत असे. आज थांबला नाही.

"मिळालं," ती म्हणाली.

पलीकडून नुसते रिक्षांचे हॉर्न ऐकू आले.

"बोला की काहीतरी. का हेही लेखी लागतं?"

"मी… खाली आहे. तुमच्या कॉलेजच्या फाटकाशी."

"ही कामाची वेळ आहे तुमची."

"बाईंनी हाकललं. म्हणाल्या, ती सोमवारपासून माझ्या हाताखाली. आज शुक्रवार आहे."

ती कठड्याशी गेली. फाटकापाशी तो फोन कानाला लावून भलत्याच इमारतीकडे मान वर करून बघत होता.

"तिथून हलू नका," ती म्हणाली. "माझं अजून भांडून झालेलं नाही."

"घाई नाही. सावकाश या."

पण ती दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होती.