भरलेली गाडी

एप्रिल १९८६ मधली गोष्ट. विद्याधर कर्णिक आपली फियाट घेऊन आमच्या गॅरेजात आले तेव्हा तिचं बॉनेट मधोमध घडी पडून वर उचललं गेलं होतं. ते सुंभाने बंपरला बांधून त्यांनी मुलुंडहून भांडुपपर्यंत गाडी स्वतः चालवत आणली होती.

"पुढचं दिसत होतं का, काका?" मी विचारलं.

"डावीकडून दिसत होतं. तेवढं पुरलं."

आमचं गॅरेज म्हणजे आग्रा रोडला लागून असलेली पत्र्याची शेड. रस्त्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण आम्ही आग्रा रोडच म्हणायचो. अर्ध्या शेडमध्ये मी डेंटिंग करायचो, उरलेल्या अर्ध्यात दत्ताराम रंगकाम. आम्ही दोघंही कणकवलीकडचे. दत्ताराम पन्नाशीचा. संपात गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून तो गाड्या रंगवायचा.

गाडी सत्तावन्न सालची. त्या गोल, फुगीर नाकामुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणायचे. पुढची दारं उलटी उघडायची. फिकट निळा रंग, आत तपकिरी रेक्झिनच्या सीटा, मागच्या काचेपाशी क्रोशाचा रुमाल अंथरलेला. मी अंधेरीला काम शिकलो ते अशाच गाड्यांवर. तेव्हा पुट्टीचे डबे नव्हते. खळगा राहिला तर शिसं वितळवून भरायचं, आणि ते जास्त लागलं तर अण्णा उस्ताद हातातली हातोडी काढून घ्यायचे. या गाडीच्या मडगार्डवरून तळवा फिरवला आणि मला त्या शेडमधला गॅसचा वास आला. वीस वर्षांनी.

काका ट्रॉम्बेहून निवृत्त झालेले. मोजमापाची उपकरणं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. अपघातही त्यांनी तसाच सांगितला.

"पुढे टेंपो उभा होता. माझा वेग पंचवीस मैल. ब्रेक वेळेवर दाबला. रिकामी गाडी टेंपोच्या अलीकडे सहा फुटांवर थांबायला हवी होती. ही टेंपोच्या फळीखाली घुसली."

"ब्रेक लागले नसतील."

"लागले. मी नंतर तपासले. फक्त ती भरलेल्या गाडीसारखी थांबली, लवू."

"आणि गाडीत कोण होतं?"

"मी एकटा."

म्हातारा माणूस, चूक कबूल करायला जड जातं, असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागलो.

बॉनेटला पाच दिवस गेले. आधी खालची चौकट सोडवली, मग घडी हळूहळू उलगडली. खालून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरायची, वरून हातोडी. मारायचं कमी, चाचपायचं जास्त. पत्रा जिथे ताणला गेला होता तिथे गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा आणि ओलं फडकं दाबायचं, की तो परत आवळतो. रॉकेलचा हात फिरवून उजेडात बघायचं. छपराच्या पत्र्यांच्या रेघा बॉनेटमध्ये सरळ दिसल्या, कुठे लचकल्या नाहीत, की झालं. पाचव्या दिवशी रेघा सरळ दिसल्या. मी खूश होतो.

मग बॉनेट बसवलं, आणि बसेना.

डावीकडची फट अर्धं सूत, उजवीकडची दोन सूत, म्हणजे पाव इंच. बिजागऱ्या सैल करून सरकवलं, तर पुढचं दार घासायला लागलं. दार लावलं तर मागचं दार. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, सगळा भार पत्राच उचलतो. म्हणून जुनी गाडी वजनाने जराशी वाकते आणि फटी बदलतात. मी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. चाकं अधांतरी झाली आणि सगळ्या फटी सारख्या दिसल्या. खाली उतरवली, की परत तेच.

मी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजले. मागचा उजवा कोपरा असायला हवा त्यापेक्षा सहा सूत खाली होता. पुढचा डावा चार सूत. मागचा डावा तीन. ड्रायव्हरचा कोपरा तेवढा बरोबर होता.

डिकी रिकामी. स्टेपनीसुद्धा काढून ठेवली. कमानपाटे आणि स्प्रिंगा काढून शेजारच्या स्प्रिंगवाल्याकडे नेल्या. त्याने तपासून परत दिल्या. "याला काही झालेलं नाही. गाडीत काय भरलंय ते बघ."

गाडीत काही नव्हतं.

दत्ताराम म्हणाला, "मी बसतंय मागे. तू बघ किती दबता ती." तो मागचं डावं दार उघडून आत बसला, आणि मिनिटभरात खाली उतरला. सीटकडे बघत उभा राहिला.

"काय झालं?"

"काय नाय रे. येवढी मोठी सीट मोकळी आसा. मी दाराक चिकटान बसलंय. कित्याक?"

मीही बघितलं होतं. तो अंग चोरून, गुडघे जुळवून बसला होता, शेजारी कुणी असल्यावर बसतो तसा.

काका रोज पाचच्या सुमाराला यायचे. चहा घेत गाडीसमोर स्टुलावर बसायचे आणि जुनं काहीबाही सांगायचे. रविवारी सकाळी मुलुंडहून निघायचं. कधी विहार तलाव, कधी घोडबंदर, कधी वज्रेश्वरीची गरम कुंडं. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंना तेव्हा झाडं होती आणि सावली रस्ताभर सांडायची. बायको सुनंदा पुढे शेजारी. आई काकांच्या मागे. आईच्या डाव्या हाताला शुभा, सहा वर्षांची, खिडकीशी. आईच्या मांडीवर डबा. फडक्यात बांधलेल्या त्या डब्यातून थालीपिठांचा वास यायचा आणि पवई येईपर्यंत शुभा तीनदा विचारायची, आता खायचं का?

"आई एकाहत्तर साली गेली. सुनंदा गेल्या वर्षी. शुभाचं लग्न झालं, ती ठाण्याला असते, बँकेत आहे. तिने गाडीसाठी गिऱ्हाईक बघितलंय. अंधेरीचा स्टुडिओवाला. तुझं काम झालं की तो घेऊन जाणार."

"तुम्हाला विकायचीय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "शुभाला भीती वाटते. मी एकटा चालवतो म्हणून."

त्या दिवशी मी त्यांना कोपऱ्यांची मापं सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. हवेचा दाब, पेट्रोल, मैल, सगळं बारीक अक्षरात. एका पानावर त्रेसष्ट सालची तारीख होती आणि खाली कुणी कुठे बसायचं ते आणि प्रत्येकाचं वजन. टायरात हवा किती भरायची ते ठरवायला लिहिलेलं. सुनंदा ११२ पौंड. आई ९८. शुभा ४१.

मी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या फियाटमध्ये त्याच जागांवर तेवढ्याच वजनाच्या सिमेंटच्या पिशव्या तोलून ठेवल्या आणि कोपरे मोजले. चार सूत. सहा सूत. तीन सूत.

दत्ताराम बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून विडी ओढत बसला.

"लवू," काका म्हणाले, "तू रिकाम्या गाडीवर फटी लावायला बघतोयस. भरलेल्या गाडीवर लाव."

मी तसंच केलं. गाडी जशी उभी होती तशीच धरून बॉनेट सरकवलं, मग दारं एकेक करून. दोन तासांत काम झालं. फटी चारी बाजूंनी सारख्या, सुतात. दार ढकललं की हलकेच खट् करून लागायचं. तसं बसलेलं बॉनेट मी त्यानंतर कधी बघितलं नाही.

रंग वाळल्यावर शनिवारी दुपारी बापलेक दोघं आले. शुभाताई तिशीच्या आतबाहेरच्या, घाईत असलेल्या. रिक्षातून उतरल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मिस्त्री, झाली ना? उद्या तो माणूस न्यायला येईल."

मग त्यांनी गाडी बघितली. निळ्या रंगावर ऊन पडलं होतं. त्या गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या डाव्या दाराशी आल्या.

"बसू का जरा, बाबा?"

"तुझीच जागा आहे."

त्या आत बसल्या. चांगल्या अंगापिंडाच्या बाई. तो कोपरा इंचभर तरी खाली जायला हवा होता. मी चाकाशीच उभा होतो.

गाडी हलली नाही.

सुताएवढीसुद्धा नाही. वाऱ्याने पडदा हलतो तेवढीही नाही. मी दत्तारामकडे बघितलं. तो चाकाकडे बघत होता. काकांनी मात्र माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली.

आत शुभाताई खिडकीच्या काठावर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. "माझे पाय खाली टेकायचे नाहीत तेव्हा. आजी म्हणायची, हलवू नकोस, डबा सांडेल." त्या हसल्या आणि मग त्यांनी डोळे पुसले. बराच वेळ त्या उतरल्याच नाहीत. उतरल्या तेव्हा म्हणाल्या, "राहू दे, बाबा. नको विकायला. पण दूर जाऊ नका. मुलुंडच्या मुलुंडमध्ये चालवा."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. विकून टाका, ताई, एवढंच. पण काय सांगणार होतो? तुम्ही बसलात आणि गाडी दबली नाही? मी बॉनेटवरचं काच पुसायचं फडकं उचललं आणि घडी घालत राहिलो.

काका ड्रायव्हरच्या जागेवर बसले तेव्हा पुढचा उजवा कोपरा बेताने खाली गेला, माणूस बसल्यावर जातो तसा. मला बरं वाटलं. शुभाताई पुढे बसायला निघाल्या, आणि दाराला हात लावून थांबल्या. म्हणाल्या, "मी मागेच बसते." त्यांनी स्वतःच्याही नकळत पुढची जागा सोडली होती.

पुढचे सहा महिने काका अधूनमधून यायचे. कधी वायपर, कधी उगीच. पावसाळ्यात ते बारीक झाले. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. बोलणं तेवढं वाढलं होतं. कालचंच असल्यासारखं सांगायचे, "रविवारी विहारला गेलो होतो, काय सुंदर हवा होती." मला कळायचं नाही, हा कुठला रविवार.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ते गाडीला पॉलिश करून घ्यायला आले. दहा-साडेदहा झाले असतील. लख्ख ऊन. दत्ताराम पॉलिश करून हात धुवायला गेला होता. काका माझ्याशेजारी, रस्त्याच्या कडेला, चहाचा ग्लास घेऊन उभे होते. गाडी समोर दहा पावलांवर. आत कुणी नव्हतं.

मी सवयीने कोपरे बघितले.

ड्रायव्हरचा कोपरा खाली गेलेला होता.

मी नीट बघितलं. टायरात हवा होती. जमीन सपाट होती, सहा महिन्यांपूर्वी मीच तिथे सिमेंट ओतलं होतं. गाडी आता चारही बाजूंनी सारखी बसली होती. पूर्ण भरलेल्या गाडीसारखी.

"काय बघतोयस?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"उजवीकडून बसलीय का?"

मला त्यांच्याकडे बघवेना. "नाही, काका. जशी होती तशी आहे."

"खोटं बोलता येत नाही तुला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुट्टी लागल्यावर माणूस बोलतो तसा आवाज होता. "दीडशे पौंड असायचो मी तेव्हा. वहीत लिहायचं राहिलं."

"काका, आज गाडी इथेच ठेवा. मी रिक्षा बोलावतो. शुभाताईंना फोन करतो."

"कशाला? सगळी वाट बघतायत."

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि ते चालत गेले. उलटं उघडणारं ते दार उघडलं. आत बसले.

गाडी हलली नाही.

मी धावलो. मी खिडकीपाशी पोचलो तेव्हा इंजिन चालू झालं होतं. काका समोर बघत होते. रस्त्यावरून सिमेंटचा ट्रक गेला आणि पांढरी धूळ आमच्या अंगावर आली.

"आई," ते मागे न बघता म्हणाले, "काच वर कर गं. धूळ येतेय."

त्यांच्या मागची काच वर जायला लागली. हळूहळू, एकेक वेढा. अर्ध्यावर येऊन थांबली, दमल्यावर हात बदलावा तशी. मग पुन्हा वर गेली आणि शेवटपर्यंत लागली.