फ्लायवेटमधला दुसरा

वजनकाट्याच्या पारड्यात मांडी घालून बसलेल्या माणसाच्या प्रेमात कुणी पडत नाही. निदान शरयूचं तरी असंच ठाम मत होतं… रविवारी दुपारी तिनं बाबांचा हात धरून क्लबच्या दारातून आत पाऊल टाकलं, तोपर्यंत.

एका पारड्यात लोखंडी हंड्रेडवेट होतं, दुसऱ्यात तो. उघडा, सडसडीत, डोळे मिटून, श्वास रोखून!

"दारात उभ्या नका राहू जी," डोळे न उघडताच तो पुटपुटला.

"काहून?"

"तुम्ही आल्या तशी हवा आली. पारडं खाली जाऊन राहिलं."

"पारडं हवेनं नाही, पोह्यानं खाली जातं," शरयू म्हणाली.

त्यानं खाडकन डोळे उघडले. "पोहे खाल्ले हे तुम्हाला कसं कळलं?"

"मिशीला कोथिंबीर आहे."

सगळा क्लब खदाखदा हसला. क्लबचे सेक्रेटरी अंबादासकाका तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

लष्करी सामान बनवणाऱ्या फॅक्टरीच्या या बॉक्सिंग क्लबात फ्लायवेटवाल्यांचं वजन असंच व्हायचं. फ्लायवेट म्हणजे सगळ्यात हलक्या बॉक्सरांचा गट. त्याची मर्यादा एकशेबारा पौंड, आणि जुनं हंड्रेडवेट नेमकं तेवढ्याच वजनाचं. देशात किलो आले, तेव्हा स्टोअरनं पौंडांची वजनं भंगारात काढली. अंबादासकाकांनी काट्यासकट एक उचलून आणलं. ज्याचं पारडं लोखंडाच्या खाली गेलं, तो त्या दिवशी लढायचा नाही.

"रत्नाकर, केसभर जास्त आहेस बेटा," काका म्हणाले.

रत्नाकरनं मनगटावरचं घड्याळ काढलं, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ शरयूपुढे धरलं. "जरा धरता? सांभाळून हं. माझी सगळी श्रीमंती आहे."

पारडं डुललं, थरथरलं आणि बरोबरीत येऊन थांबलं. शरयूच्या तळहातावर घड्याळ अजून कोमट होतं. पासष्ट सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट. ती वीस वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. तो बावीसचा, मशीन शॉपमधला टर्नर.

आता शरयू तिथं काय करत होती, तेही सांगायला हवं. तिचे बाबा, भाऊराव, क्लबचे पंच. तरुणपणी स्वतः बॉक्सर, वर्ध्याहून नोकरीसाठी जबलपूरला आले आणि इथलेच झाले. दर रविवारच्या लढतींनंतर फ्लायवेटच्या पहिल्या पाचांची रँकिंग तेच ठरवायचे. ती कँटीनबाहेरच्या फळ्यावर लागली, की आठवडाभर चहाच्या कपांवर भांडणं चालायची. जो जास्त मारतो तो मोठा, की जो कमी मार खातो तो? बळीरामचा उजवा ठोसा भारी, पण पाय जड. मुरलीधर पळतो छान, पण पळून कुणी जिंकतं का भैया?

भाऊरावांची मोजायची रीत वेगळीच होती. समोर मूठभर चिंचोके. लाल कोपऱ्यातल्याचा स्वच्छ ठोसा लागला, की एक चिंचोका उजव्या खिशात. निळ्याचा लागला, की डाव्या. पण बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशनला सुट्टी हवी होती आणि पंचाची खुर्ची सोडवत नव्हती. म्हणून कागद लिहायला बसल्यासारखी शरयू शेजारी बसायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायची, "लाल… निळा… लाल." चिंचोके बाबा टाकायचे. डोळे तिचे असायचे.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शरयूला ते आवडायचं! कॉलेजात मान खाली घालून चालणारी मुलगी इथं फ्लायवेटचे नंबर लावत होती. तिची हाक चुकायची नाही. ठोसा लागला की नुसता घासला, हे तिला आवाजावरून कळायचं.

रत्नाकर दर रविवारी घड्याळ तिच्याच हातात द्यायचा. वजन बरोबर असलं तरी.

"आज पोहे नाही खाल्ले ना?"

"नाही."

"मग घड्याळ काहून काढलं?"

"सवय लागली आहे जी."

"चांगली सवय नाही ती."

"मग नका घेऊ…"

ती घ्यायचीच.

सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई पेटली. फॅक्टरीचा भोंगा बारा-बारा तासांनी वाजायला लागला, खिडक्यांना काळे कागद लागले, क्लबला कुलूप पडलं. शरयू फाटकापाशी बाबांना घ्यायला जायची, तेव्हा कधी कधी रत्नाकर भेटायचा. हातांना तेलाचा वास, डोळे झोपेनं जड.

"सराव होतो का?" तिनं एकदा विचारलं.

"लेथपुढे उभ्या उभ्या पाय हलवत राहतो. फोरमन म्हणतो, नाचून काहून राहिला?" मग तो गंभीर झाला. "आमचे बनवलेले तुकडे कुठे जातात ते माहीत असते. रात्री कधी कधी वाटते, आपण इथं ग्लोव्ह्ज घालून मारामारी खेळतो आणि तिकडे…" दोघं फाटकापासून वळणापर्यंत नुसते चालले. पण त्या चालण्यात तिला काहीतरी कळलं, आणि त्या दिवसापासून तिची जरा पंचाईतच झाली.

लढाई थांबली. ऑक्टोबरात बातमी आली: जवानांच्या मदतनिधीसाठी कानपूरला सगळ्या फॅक्टऱ्यांचे सामने. प्रत्येक गटातून एकच जण, रँकिंगमधला पहिला. फ्लायवेटमध्ये बळीराम पहिला, रत्नाकर दुसरा. रविवारी दोघांची लढत, आणि बुधवारी गाडी.

त्या रविवारी शरयूनं मनाशी पक्कं ठरवलं होतं. अजिबात पक्षपात करायचा नाही. रत्नाकर लाल कोपऱ्यात होता; एकही लाल जास्त म्हणायचा नाही. रत्नाकरचा हात वर गेला, की ती स्वतःला दटावायची… लागला का खरंच? की तुला वाटलं? मग ओठ गप्प. बळीरामचा मात्र प्रत्येक ठोसा तिनं इमानानं म्हटला. "निळा. निळा." बाबांचा डावा खिसा भरत गेला.

बळीराम जिंकला. गर्दीत कुरकुर झाली. रत्नाकरनं बळीरामचा हात हातात घेतला, घड्याळ परत घेतलं आणि शरयूकडे न बघता निघून गेला.

सोमवारी ती ओमतीच्या बाजारात बाबांचा चष्मा दुरुस्त करून आणायला गेली. चष्मा घेऊन बाहेर आली, तर दुकानाच्या पायरीवर रत्नाकर उभा. डोळ्याखाली निळसर सूज.

"तुमची वाट बघत होतो. भाऊरावकाकांचा चष्मा आज मिळणार, हे तुमच्या शेजारच्या बेबीताईंनी सांगितलं."

"बेबीताईंना अख्ख्या कॉलनीचं सगळं कसं माहीत असतं?"

तो हसला नाही. "एक विचारू? माझा डावा ठोसा तुम्हाला दिसत नाही का?"

शरयू रुमालानं चष्मा पुसायला लागली. "म… मला? नंबर बाबा लावतात."

"चिंचोके काका टाकतात. ओठ तुमचे हलतात. जून महिन्यापासून बघून राहिलो." आवाज खाली आणून तो म्हणाला, "कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. पण काल माझा डावा लागला, बळीरामची मान फिरली, आणि तुमचे ओठ बंद. पुन्हा लागला, पुन्हा बंद. हरलो तर हरलो. पण हरलो का नाही हेच कळत नाही, त्याचं काय करू?"

"मी… मी फार काळजीपूर्वक बघत होते."

"काय बघत होत्या?"

"म्हणजे?"

"ठोसा मोजायचा तर ग्लोव्ह बघावा लागतो, शरयूजी." आता त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुम्ही माझं तोंड बघून राहिल्या होत्या."

ती गोरीमोरी झाली. पण खरंच, कालच्या लढतीतलं तिला काय आठवत होतं? त्याच्या भुवईवरचा घाम. दातांत धरलेला ओठ. ग्लोव्ह एकही नाही.

"मी जाते," ती म्हणाली, आणि गेली.

घरापर्यंतचा रस्ता तिला फार लांब वाटला. पक्षपात होऊ नये म्हणून तिनं उलटाच पक्षपात केला होता. गप्प राहिलं तर कानपूरला चुकीचा माणूस जाईल, किंवा बरोबरच जाईल, पण ते कुणालाच कळणार नाही. आणि बोललं तर बाबांची खुर्ची जाईल. शिवाय बाबा विचारतील, "काहून चुकलीस?" त्याचं उत्तर एकच होतं.

बाबा ओसरीवर बसले होते. तिनं चष्मा त्यांच्या हातात दिला.

"बाबा, कालची माझी हाक चुकली. रत्नाकरचे ठोसे मी म्हटलेच नाहीत."

"काहून?"

"भीती वाटली… जास्त म्हणेन म्हणून."

"मुरलीधरच्या वेळी नाही वाटत ती भीती?"

शरयूनं मान हलवली. मग लक्षात आलं, बाबांना ते दिसणार नाही. "नाही वाटत, बाबा. फक्त त्याच्याच वेळी वाटते."

भाऊरावांनी चष्म्याची काडी उघडली, पुन्हा मिटली.

"अच्छा," ते म्हणाले. "पोरगा सांगतो का काही?"

"तो म्हणतो, हरलो का नाही हे तरी कळू द्या."

"हं. मग चूक तुझी एकटीची नाही. आंधळ्यानं पंच व्हायचं, आणि पोरीच्या डोळ्यांवर ओझं टाकायचं… चल. काठी दे. अंबादासकडे जाऊ."

मंगळवारी पाळी बदलताना सगळा क्लब जमला. भाऊराव रिंगणात उभे राहिले आणि ताठ मानेनं म्हणाले, "मला दिसत नाही. खूप महिन्यांपासून दिसत नाही. रविवारची लढत रद्द. आज पुन्हा लढत, आणि अंबादास मोजेल." कुणीतरी शीळ घातली, कुणी हळहळलं. बळीराम पुढे आला आणि त्यांच्या पाया पडला. "काका, मलाही रविवारी जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

चिंचोके अंबादासकाकांच्या खिशात गेले. शरयू पहिल्यांदाच गर्दीत उभी राहिली. काही मोजायचं नव्हतं, काही लपवायचं नव्हतं. तिनं पोटभर बघितलं!

पहिली फेरी रत्नाकरची. त्याचा डावा सटासट सुटत होता, प्रत्येक वेळी गर्दी ओरडत होती. दुसऱ्या फेरीत बळीरामनं त्याला दोरांकडे रेटलं. तेवढ्यात रत्नाकरची नजर गर्दीत शिरली, तिच्यावर येऊन थांबली… डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. बळीरामचा उजवा नेमका तेव्हाच आला.

"अरे, समोर बघ की!" शरयू किंचाळली. सगळा क्लब वळून तिच्याकडे बघायला लागला. बेबीताईंनी पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या फेरीत बळीरामच सरस होता. कुणालाही दिसावं इतका. जड पाय, पण एकही पाऊल वाया नाही. काकांनी दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले. डावीकडचा, बळीरामचा ढीग मोठा होता.

संध्याकाळी कँटीनबाहेर शरयू फळा लिहीत होती. एक, बळीराम. दोन, रत्नाकर. मागून चपलांचा आवाज आला.

"माझ्यामुळे बसला का तो ठोसा?" तिनं न वळताच विचारलं.

"एक ठोसा तुमच्यामुळे. बाकीचे त्याचे स्वतःचे आहेत." रत्नाकर फळ्याकडे बघत होता. "चांगला आहे बळीराम. रविवारी त्याचा राग आला होता. आज नाही येत. नंबर खरा असला, की दुसरापण बरा वाटतो. उद्या त्याला स्टेशनवर सोडायला जाईन."

"वाईट वाटून राहिलं ना?"

"वाटून राहिलं," तो साधेपणानं म्हणाला. मग जरा थांबून, "शरयू."

'जी' गेलं होतं. तिच्या हातातला खडू थांबला.

"भाऊरावकाकांनी रविवारी जेवायला बोलावलं आहे. म्हणाले, दिसत नाही, पण आवाज ऐकायचा आहे तुझा. जाऊ का?"

"मला काहून विचारतोस? त्यांनी बोलावलं."

"तरी. तुझ्याकडे माझा नंबर कितवा, ते कळलं पाहिजे ना आधी."

शरयू वळली. संध्याकाळच्या उजेडात त्याची डोळ्याखालची सूज जांभळी दिसत होती, आणि तो हसू दाबत होता. या वेळी तिनं मुद्दामच त्याच्या तोंडाकडे बघितलं, अगदी निवांत.

"तिथं रँकिंग नसते," ती म्हणाली. "एकट्याची रँकिंग कुणी लावतं का?"