शनिवारी न ढवळायचं तेल

सीमाशुल्क प्रयोगशाळेतला गंधवेधक दिवसातून चार-पाच वेळा तरी बोंबलायचा, आणि मृण्मयी खरवते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत तिने नकली घड्याळं पकडली होती, नकली चष्मे पकडले होते, एकदा तर नकली बाळगुटीही. निवृत्तीला दोन महिने उरले होते. आता कुठल्याही खोक्यातून आपल्याला थक्क करणारं काही निघायचं नाही, असं ती सगळ्यांना ऐकवत असे. पण त्या सकाळी मॉरिशसहून आलेल्या खोक्यातली एक बाटली उघडली, यंत्र ओरडायच्या आधीच वास तिच्या नाकात शिरला, आणि बाईंचा हात होता तिथेच राहिला.

माक्याचं तेल होतं ते. आणि साधं नव्हे, बुडाला किंचित लागलेलं. रेवदंड्याच्या घरी न्हाणीच्या दाराशी पाटावर बसवून आई डोकं चोळायची, ते. मान जरा वाकडी झाली की टपली बसायची. एकोणसाठाव्या वर्षी, भर प्रयोगशाळेत, मृण्मयीने मान सरळ केली आणि मग आपलं आपल्यालाच हसू येऊन ती पुन्हा कामाला लागली.

तेवढ्यात गंधवेधक ओरडला. साम्य नव्व्याण्णव टक्के. माल नकली.

गंधमुद्रेचा कायदा येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. कुठलाही वास म्हणजे शेकडो घटकांची एक यादी. कुठला घटक किती, हे गंधवेधक एका क्षणात सांगतो. पूर्वी कंपन्या नावं आणि चित्रं नोंदवत, तशा आता या याद्या नोंदवू लागल्या. नोंद झाली की तो वास त्या कंपनीचा. तसाच वास घेऊन बाहेरून कुणाचा माल बंदरात आला की यंत्र ओरडतं, माल अडकतो, कंपनीला नोटीस जाते. या तेलाचं साम्य निघालं होतं 'केशसुधा'शी. घरोघरी दिसणारी बाटली. त्यांनी तर ती करपट छटा 'धूम्रगंध' म्हणून जाहिरातीत मिरवली होती. मृण्मयीने ती बाटली एकदाच आणली होती. वास तोच, पण दोन मिनिटांत उडून जाणारा. पुन्हा तिने ती आणली नाही.

माल मागवणारे सिद्धेश तळेकर दुपारी धापा टाकत आले. सत्तरीला टेकलेला माणूस, अलिबागला जुन्या चालीच्या वस्तूंचं छोटं दुकान. मृण्मयीने त्यांना पाणी दिलं आणि मग कायदा सांगितला, कारण पाणी आधी द्यावं हे ती अनुभवाने शिकली होती. माल नकली ठरला तर दोनशे बारा बाटल्या भट्टीत जातील, परतही पाठवता येणार नाहीत. वर दंड, आणि खटला उभा राहिला तर तीन वर्षांपर्यंत कैद. 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. सुटकेची वाट एकच, कलम नऊ: नक्कल कधी अस्सलाच्या आधी जन्मत नाही, म्हणून जो नमुना जुना त्याच्या घराची मुद्रा. आणि दोघांहून जुना तिसराच कुणी निघाला तर मुद्रा रद्द, वास सगळ्यांना मोकळा.

तळेकर घाम पुसत म्हणाले की नक्कल कसली, त्यांची बहीण रोहिणी तिकडे घरच्या कढईत हे तेल करते. लग्न होऊन मॉरिशसला गेली तेव्हा गावातून विरजण घेऊन गेली होती.

"तेलाला विरजण?" मृण्मयीने विचारलं खरं, पण उत्तर तिला ठाऊक होतं.

"बरणीच्या तळचा गाळ हो. चमचाभर नव्या घाण्यात घालायचा. आमच्या रेवदंड्याच्या खरवतेकाकूंकडचं ते. काकू कुणाला नाही म्हणायच्या नाहीत."

खरवतेकाकू म्हणजे मृण्मयीची आई. आई गेली त्या वर्षी घर आवरताना ती बरणी तिनेच मोरीत पालथी केली होती. काळा गाळ, घाण म्हणून. वरून राखेने बरणी लख्ख घासली होती. पुढे आठवड्याभराने केस विंचरताना आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं, आणि बत्तीस वर्षं ती गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. आपल्या हाताने ओतून टाकलेलं तेल समुद्रापार जाऊन, चोराचा शिक्का कपाळी घेऊन आपल्याच टेबलावर परत आलं होतं. तिला रडू आलं. तळेकरांना वाटलं, बाईंना आपली दया आली.

त्याच संध्याकाळी तिने आयुक्तांना लिहून कळवलं की हे तेल माझ्या आईचं आहे, सबब या प्रकरणात मी अधिकारी राहू शकत नाही. आयुक्तांनी तिला बाजूला केलं आणि कायद्याप्रमाणे दावेदार म्हणून उभं केलं. कारण सरळ होतं: तेल केशसुधाच्या आधीचं ठरलं, तर मुद्रा खरवते घराण्याची, म्हणजे मृण्मयीची. केशसुधाचे वकील सबनीस गोड हसले. अधिकारीणबाईंचं नाक हा पुरावा होत नाही, एवढंच ते म्हणाले. आणि ते खरंच होतं.

पुरावा काढायचं काम डॉ. शाहीन मुकादमकडे आलं. दोघी वीस वर्षं एका डब्यात जेवत होत्या, पण शाहीन कामाच्या बाबतीत सख्ख्या आईचीही भीड ठेवणारी नव्हती. तिने बाटली उजेडात धरली आणि तळाशी बसलेले काळे कण दाखवले.

"तुमच्या घरची चूक तुमच्या कामाला आली बघ. तेल बुडाला लागतं, माक्याची पानं करपतात, त्याचे हे कण. कोळसा तेलात विरघळत नाही, तळाशी बसतो. आणि विरजण तुम्ही घेता तळातूनच. म्हणजे जुने कण दर घाण्यात पुढे चालत आलेत."

वयवेध यंत्राचं कामही तिने समजावलं. झाड जिवंत असतं तोवर हवेतून एक प्रकारचा कर्ब घेत राहतं; मेलं की घेणं थांबतं आणि आहे तो ठरल्या वेगाने कमी होत जातो. माका वर्षभराचं झुडूप, त्यामुळे एकेक कण आपलं साल सांगतो. कणात मुरलेलं तेल कशाचं तेही कळतं. केशसुधाने आपला जन्म नोंदवला होता २०३३चा. त्याच्या आधीचा एक कण सापडला की काम झालं.

"एकावर थांबू का?" शाहीनने विचारलं. "कायद्याने दावेदार सांगेल तेवढेच कण तपासायचे. पण तपासलेला प्रत्येक कण अहवालात जाणार, हे आधीच सांगते."

शहाण्या माणसाने तिथे थांब म्हटलं असतं. पण मृण्मयीला नुसता खटला जिंकायचा नव्हता, तिला आई बघायची होती. कुठल्या साली तेल केलं, कुठल्या साली केलं नाही, ती आजारी होती ते साल गाळात दिसतं का, आपण जन्मलो ते दिसतं का. तिने सगळे कण तपासायला सांगितले.

अहवाल आला तेव्हा त्यात आई होती. १९९९पासून, म्हणजे लग्न होऊन रेवदंड्याला आली तेव्हापासून, दर एक-दोन वर्षांचा कण. २००३चाही होता, मृण्मयीच्या जन्माचा. २०१७चा नव्हता; त्या वर्षी आईचा हात मोडला होता. मृण्मयी बोट ठेवून एकेक साल वाचत गेली आणि मग बोट खाली सरकलं. १९९१. १९८४. १९६०. १९३८.

"हे सगळे तिळाच्या तेलातले," शाहीन हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या आईच्या कणांसारखे नारळाच्या नाहीत."

मृण्मयीच्या माहेरी, आजोळी, सात पिढ्यांत कुणी डोक्याला तिळाचं तेल लावलं नव्हतं.

सुनावणी लांबली नाही. आपल्या कंपनीच्या मूळ नमुन्याच्या गाळातही २०२६पर्यंतचे तेच कण निघाले, हे ऐकून सबनीसांचं हसू मावळलं. काकू कुणाला नाही म्हणत नव्हत्या. केशसुधाचा संस्थापक कधीतरी वाटी घेऊन त्यांच्या दारात येऊन गेला होता. केशसुधा मागे पडली. मग आयुक्तांनी चष्मा काढला आणि मृण्मयीला मऊपणे विचारलं की १९९९च्या आधीचं तेल त्यांच्याच घरातल्या आधीच्या पिढीचं असणार, नाही का. तेवढं सांगितलं की मुद्रा त्यांची. आईच्या नावाने.

एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. खोटं ठरवायला जगात कुणी उरलं नव्हतं. आईचं नाव बाटलीवर लागलं असतं, ओतून टाकलेल्या बरणीचं पाप फिटलं असतं. मृण्मयीने तोंड उघडलं आणि तिला आईचा तो हट्ट आठवला. कढई शुक्रवारी दिवेलागणीच्या आत निखाऱ्यावर ठेवायची, आणि शनिवारी दिवे लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, विस्तव सारायचा नाही. म्हणून तर तेल बुडाला लागायचं. विचारलं की आई म्हणायची, शनिवारी तेलाला शिवू नये. शनी कोपेल म्हणून असावं, असं मृण्मयी आजवर समजत आली होती. पण आईला कधी शनीच्या देवळात गेलेली तिने पाहिली नव्हती. शनिवार दुसऱ्याच कुणीतरी पाळत होतं. भिंतीला भिंत लागून.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ते मिरियमबाई थळकरांचं आहे."

मग तिने सांगितलं. शेजारी बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, घर होतं. त्यांना गावात शनवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचा तिळाचा घाणा असायचा आणि शनिवारी तो बंद असायचा. शुक्रवारच्या दिव्यापासून शनिवारच्या दिव्यापर्यंत विस्तवाला शिवायचं नाही, हा त्यांचा धर्म. पुढे मिरियमबाई मुलाकडे इस्रायलला गेल्या. मृण्मयी तेव्हा पाच वर्षांची होती. बाईंनी जाताना तिच्या गालावरून हात फिरवला, त्या हाताला हाच वास होता. आईने तीळ सोडून नारळ घेतला, पण शनिवार सोडला नाही. तो कुणाचा हे मात्र कधी सांगितलं नाही. कदाचित कुणी नीट विचारलंच नाही.

"आणि मिरियमबाईंना कुणी दिलं?" आयुक्तांनी विचारलं.

"ते कसं सांगू? विरजण घरात जन्मत नाही, साहेब. ते शेजाऱ्याकडूनच आणावं लागतं."

मुद्रा रद्द झाली. माक्याच्या करपट तेलाचा वास कुणाचाच राहिला नाही, आणि दोनशे बारा बाटल्या सुटल्या. हुकूम हातात पडला तो मृण्मयीच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. निरोपाचा नारळ आणि शाल काखेत घेऊन ती फाटकाशी आली, तर तळेकर टेम्पोत खोकी चढवून घेत होते. तिला अवघडल्यासारखं झालं. जन्मभर कुणाची काडी घेतली नव्हती, आणि आता मागायची वेळ आली होती. पण काल रात्री तिने माळ्यावरून आईची बरणी काढून ठेवली होती.

"सिद्धेशदादा, एक चमचा द्याल? विरजणापुरतं."

तळेकरांनी आनंदाने खोक्याला हात घातला. मग त्यांचं लक्ष रस्त्याकडे गेलं. बंदरावरचे दिवे नुकतेच लागले होते. त्यांनी हात मागे घेतला आणि ओशाळून म्हणाले की ताई, दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, तुम्हाला तर माहीत आहे.

"मग उद्या येते."

"उद्या शनिवार," तळेकर म्हणाले. "रविवारी या."

छत्तीस वर्षं या फाटकावर उभी राहून मृण्मयीने हजारो लोकांना सांगितलं होतं की नियम म्हणजे नियम. तिने मान डोलावली, शाल सारखी केली आणि रविवारी किती वाजता येऊ ते विचारून घेतलं.