थोरलीची वेळ

दुपारची अडीचची वेळ. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. धाकटी एका फ्रेमचे स्क्रू आवळत बसली होती, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. तिचा नव्हे, थोरलीचा. थोरली साध्या तापाचं निमित्त होऊन गेली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि त्यातले फोटो उतरवून घे म्हणून भावोजींनी तो धाकटीकडे दिला होता.

पलीकडून त्वचेच्या दवाखान्यातली मुलगी बोलत होती. चार महिने झालेत, उद्या चारची वेळ ठेवू का, एवढंच तिला विचारायचं होतं. ती आता नाही, असं सांगायला धाकटीने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच.

"ठेवा. येते मी."

दोघी जुळ्या, अकरा मिनिटांचा काय तो फरक. चाळिशी उलटली तशी थोरलीने कपाळावरच्या आठ्या घालवणारी ती इंजेक्शनं सुरू केली. दर चार महिन्यांनी, न चुकता. झोपताना क्रीम लावते असं सांगावं, तितक्या सहजपणे सांगायची. तिचं कपाळ पुसलेल्या काचेसारखं राहिलं. धाकटी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायची आणि समोरच्या आरशात आपल्या आठ्या बघायची. एकदा कुणी बाई थोरलीकडे बघून धाकटीला म्हणाली, "मुलगी का तुमची?" त्यावर थोरली हसली. ते हसू धाकटीला आजवर सलत होतं.

त्याहून जास्त सलत होती आई. आईचं सगळं करायची धाकटी. आंघोळ, औषधं, रात्रीची उठबस. थोरली रविवारी तासभर यायची आणि त्या तासापुरता आईचा चेहरा उजळायचा. वर्षभरात आईला माणसं ओळखू येईनाशी झाली. धाकटीला ती "अहो बाई" म्हणायची. थोरलीला मात्र दारातूनच ओळखायची. थोरली गेल्याचं तिला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ती विसरली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने थोरलीच्या नावापुढे सही केली. दवाखान्यात स्पिरिटचा गार वास होता. डॉक्टरीणबाईंनी भुवया चढवायला लावल्या, कपाळाला आठ्या घालायला लावल्या आणि म्हणाल्या की या वेळी औषध अगदीच उतरलेलं दिसतंय. धाकटीने डोळे मिटले. बारीक सुया टोचत गेल्या, एक, दोन, सात. तेवढ्यात कुणीतरी तिचा हात घट्ट धरला. नर्स असावी, असं तिला वाटलं. डोळे उघडले तर नर्स पलीकडे खिडकीशी, पाठमोरी. हातावर चार बोटांचे वळ होते.

आठवड्याभरात कपाळ नितळ झालं. ती आईच्या खोलीत गेली तशी आईने मान वळवली, आणि तो चेहरा उजळला... पहिल्यांदाच तिच्यासाठी.

"थोरले, आलीस?"

धाकटी पलंगाच्या कडेला टेकली. म्हणाली, "हो आई. आले."

मग आई तिच्याशी बोलू लागली, तिच्या हातचं खाऊ लागली. जन्मभर ज्याच्यासाठी जीव जळला ते पदरात पडलं होतं, पण दुसरीच्या नावाने. आता तिला मेलेल्या बहिणीचा हेवा वाटायचा, आणि स्वतःचाही.

चार महिने झाले. औषध उतरायला हवं होतं. पाच झाले, सहा झाले. कपाळावर एकही रेघ परतली नाही. डॉक्टरीणबाईंनी चेहरा दिव्याखाली धरून बोटांनी चाचपून पाहिला. असं होत नाही, एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

त्या दुपारी ती घरी आली तेव्हा आईच्या खोलीतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं. आत आई एकटीच होती. कोपऱ्यातली खुर्ची कुणीतरी पलंगाला लावून ठेवली होती. आईला तर उठताही येत नव्हतं.

धाकटी दारातच उभी राहिली. आता सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

"आई... मी थोरली नाही. मी धाकटी आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं, समजूत घालावी तसं.

"असं काय करतेस? धाकटी तर ही बसलीये." तिने खुर्चीकडे मान केली. "तू कामावर गेलीस की येते. काही बोलत नाही गं. किती सुरकुतली आहे बघ... सगळ्या रेघा हिच्याच वाट्याला आल्या."

धाकटीला ओरडायचं होतं. समोर कपाटाच्या आरशात तिचा चेहरा दिसला. शांत, नितळ, एक आठी नाही. भीतीने तिने दाराची चौकट घट्ट धरली होती आणि आरशातल्या बाईला जणू काही झालंच नव्हतं.

आईने खुर्चीच्या दिशेने हात लांबवला आणि हवेत, गालाच्या उंचीवर, अंगठा हळूच फिरवला.

"रडू नको," ती म्हणाली. "थोरली आहे ना, देईल ती तुझा चेहरा परत."

धाकटी धावत पुढे झाली आणि तिने आईचा हात ओढून आपल्या हातात घेतला.

अंगठा ओला होता. आणि कोमट.